तंगड्या भरल्या, पोट नाही: माइनक्राफ्टमधली भूक आणि सॅच्युरेशन

'काहीही खा, तंगड्या भरल्याशी मतलब.' माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये नवा आलेल्याला हा सल्ला हमखास मिळतो. (तंगड्या म्हणजे पडद्यावरच्या भुकेच्या पट्टीतली चिन्हं.) तो ऐकून माणूस खिसाभर बिस्किटं घेऊन गुहेत उतरतो आणि दहा मिनिटांत उपाशी पडतो. (आकडे सगळे खेळाच्या 'जावा' आवृत्तीचे.)

भूक तुम्हाला माहीतच आहे; इथं मात्र तो पोट किती भरलंय याचा आकडा. पट्टीवर १० तंगड्या, म्हणजे २० अंक. ६ वर आलात की पळणं बंद, शून्यावर आलात की हृदयं, म्हणजे तुमचा जीव, झिजू लागतात. यात कुणी चुकत नाही.

घोळ होतो सॅच्युरेशनपाशी, कारण ते पडद्यावर दिसतच नाही. हा पोटातला दडलेला साठा. कुठलाही खर्च आधी त्यातून जातो आणि तो संपल्यावरच तंगड्या उतरायला लागतात. नव्या जगात २० भुकेसोबत ५ सॅच्युरेशन मिळतं. पहिल्या सकाळी पट्टी बराच वेळ जागची हलत नाही, ती त्यामुळे.

आता ४ बिस्किटं आणि भाजलेल्या बीफचा एक तुकडा शेजारी ठेवा. भूक दोन्हींनी ८ नंच वाढते. सॅच्युरेशन मात्र बिस्किटांचं सगळं मिळून १.६, बीफचं १२.८. पट्टी दोन्ही वेळा सारखीच दिसते, म्हणून फरक कळत नाही.

आणि खर्च कशाचा होतो? खोदण्याचा जवळपास नाहीच: ८०० ब्लॉक (हे जग ज्यांचं बनलंय ते ठोकळे) फोडल्यावर १ अंक जातो. पळताना ४० ब्लॉकला १ अंक. खरं खातं ते जखम भरणं: अर्ध्या हृदयाला १.५ अंक. कड्यावरून पडून ५ हृदयं गेली, तर ती परत यायला १५ अंक लागतात.

भरण्याचा वेगही यावरच ठरतो. पट्टी पूर्ण भरलेली आणि सॅच्युरेशन भरपूर असेल, तर दर अर्ध्या सेकंदाला अर्धं हृदय परत येतं. साठा आटला की तेच अर्धं हृदय ४ सेकंदांनी, तेही भूक १८ किंवा त्याहून जास्त असेपर्यंतच. सांगाडा या शत्रूचे बाण चुकवताना ४ सेकंद फार असतात.

आणखी एक खाच आहे. सॅच्युरेशन त्या क्षणीच्या भुकेच्या वर जात नाही, उरलेलं वाया. समजा भूक २ आहे, साठा शून्य. आधी बीफ खाल्लंत तर भूक १०, म्हणून साठाही १० वरच अडतो आणि २.८ बुडाले. वर ४ गोड बेरी खाल्ल्या की भूक १८, साठा ११.६. उलट क्रमानं, आधी बेरी आणि मग बीफ, तर भूक तीच १८, पण साठा १४.४. हलकं आधी, दमदार शेवटी.

तळ उभारताना मला पाव आणि भाजलेला बटाटा यांत बटाटाच आवडतो. दोघंही ५ भूक, ६ सॅच्युरेशन देतात, पण एका पावाला ३ गहू जातात. मधोमध पाण्याचा एक ब्लॉक ठेवून केलेल्या ९ बाय ९ च्या वाफ्यात ८० रोपं बसतात. गव्हाचे त्यातून २६ पाव होतात. एक बटाटा भट्टीत टाकला की एक जेवण तयार. खाणीत उतरताना मात्र बीफ किंवा पोर्क, तेही भाजूनच. कच्चं बीफ ३ भूक आणि १.८ सॅच्युरेशन देतं. कोळशाच्या एका तुकड्यावर ८ तुकडे भाजून निघत असताना ते तसंच खाण्याला आळसाखेरीज कारण नाही. कलिंगडाच्या फोडींची शेती करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

साठा दिसत नसला तरी तो संपल्याची खूण दिसते: तंगड्या थरथरू लागतात. थरथर सुरू झाली आणि समोर क्रीपर (जवळ येऊन फुटणारा शत्रू) असेल, तर आधी मागे सरा, मग खा.