डोळ्यांना ऐकू येणारं मासिक

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला एका वेळी खरोखर लख्ख दिसतं ते साधारण एवढंच, दोनेक अंशांचं वर्तुळ. बाकीचं सगळं पुसट असतं. पण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरतो आणि मेंदू ते तुकडे इतके बेमालूम जोडतो की अख्खं पान दिसतंय असं वाटावं. परभणीच्या बसस्थानकावर गाडी लागेपर्यंत पेपरच्या स्टॉलसमोर रेंगाळणारा माणूस एखाद्या मुखपृष्ठाला फार तर दोन सेकंद देतो, म्हणजे जेमतेम सहा-सात उड्या. संगीताच्या मासिकाची पंचाईत तर आणखी मोठी. विकायचंय गाणं, आणि कागदाला आवाज नाही.

पहिली उडी बहुतेक वेळा चेहऱ्यावरच पडते. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी १९५०-६० च्या दशकांत आरसा लावलेली चिमुकली टोपी चक्क डोळ्यावर बसवून नजरेचे माग टिपले. माणसाचं चित्र दाखवलं की रेघांचं जाळं डोळे आणि ओठांभोवती दाट व्हायचं. नवजात बाळसुद्धा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त बघतं. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक नोव्हेंबर १९६७ मध्ये निघाला तो मुखपृष्ठावर जॉन लेननला घेऊनच, आणि पुढे संगीताच्या मासिकांचा तो शिरस्ताच पडला.

चेहऱ्याची आणखी एक गंमत आहे. समोरचा माणूस जिकडे बघतो तिकडे आपली नजर आपोआप वळते. म्हणून जाणता मांडणीकार गायकाची नजर मथळ्याकडे वळलेला फोटो निवडतो. गायक पानाबाहेर बघत असेल तर वाचकही बाहेर जातो, शेजारच्या मासिकावर. आपल्याकडच्या भीमगीतांच्या सामन्यांचे आणि ऑर्केस्ट्रांचे बॅनर आठवा: मधोमध गायिका, आणि चारी बाजूंनी गोलात बसवलेले दहा-वीस शुभेच्छुक. नजरेच्या हिशेबानं हा सरळ घाटा आहे. आता बॅनरचे पैसे कोण देतं हे माहीत असलं की हिशेब बदलतो, ते सोडा.

चेहऱ्यानंतर अक्षरं. इथे शास्त्र फार रंगतदार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योहलर यांनी १९२९ मध्ये लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक टोकेरी आणि एक गोलसर, आणि दोन निरर्थक नावं दिली. त्यातलं 'ताकेते' हे खडखडीत नाव बहुतेकांनी टोकेरीलाच दिलं. २००१ मध्ये मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' ही नावं घेतली, तेव्हा 'किकी' टोकेरीला देणाऱ्यांचा आकडा ९५ टक्क्यांच्या आसपास गेला. मला मात्र २०२२ चा अभ्यास जास्त भरवशाचा वाटतो. त्यात २५ भाषा बोलणारे लोक होते आणि सरासरी सुमारे ७२ टक्क्यांवर आली. म्हणजे कल पक्का आहे, पण तो काही दगडावरची रेघ नाही.

ब्रिटनमध्ये १९८१ साली सुरू झालेलं 'केरँग!' हे हेवी मेटलचं मासिक. नावच गिटारच्या दणक्यासारखं, आणि नावाची अक्षरं काच तडकावी तशी भेगाळलेली. गाणं कधी न ऐकलेल्यालाही कळतं की आत बासरी नाही. हाच नियम देवनागरीला लावून बघा. हलगीच्या कार्यक्रमाचं नाव गोलगोल, नाजूक वळणाच्या अक्षरांत लिहिलं तर हलगी कडाडत नाही, पाळणा हलतो. जाड कुंचल्याचा फटकारा, तिरपी शिरोरेषा, टोकदार वेलांटी आली की डोळ्याला ठेका सापडतो.

मग सगळं वाचायला सोपंच हवं का? सहज वाचता येणारा मजकूर मेंदूला जास्त आवडतो, असं अनेक प्रयोग सांगतात. पण बंडखोर तरुण वाचकाला अवघडपणाच आपला वाटू शकतो. 'रे गन' या अमेरिकी मासिकाचा मांडणीकार डेव्हिड कार्सन याला ब्रायन फेरी या गायकाची एक मुलाखत कंटाळवाणी वाटली. त्यानं १९९४ च्या अंकात ती अख्खी मुलाखत निव्वळ चिन्हांच्या फाँटमध्ये लावली, आणि वाचता येईल असा मजकूर त्याच अंकात मागे दिला. गाजलं! पण हे धाडस परवडतं ते वाचक नेमका कोण हे ठाऊक असल्यावरच.

समजा, मराठवाड्यातून संगीताचं मासिक काढायचं आहे. डीजेवर नाचणाऱ्या पोरांसाठी गडद निळ्यावर भडक लाल अक्षरं चालतील. डोळ्याचं भिंग निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवतं, दोन्ही रंग एकाच वेळी नीट फोकस होत नाहीत, आणि कडा थरथरल्यासारख्या दिसतात. मुखपृष्ठावर ही थरथर हवीच. आतल्या लेखाला मात्र तीच मारक.

अंबाजोगाईत संगीत समारोहाला पुढच्या रांगेत बसणारे निवृत्त मास्तर हा वेगळा वाचक. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली आकसते आणि भिंग पिवळसर होतं. त्यांना ट्यूबलाइटखाली चमकणारा आर्ट पेपर आणि काळ्यावर पांढरा मजकूर देणं म्हणजे वर्गणी बुडवणं. त्यात काळ्यावर पांढरं छापताना शाई पसरते, बारीक रफार आणि उकार भरून जातात.

सगळ्यात नाजूक पान स्वरलिपीचं. भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनात मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब असतं आणि तार, म्हणजे वरच्या सप्तकाच्या स्वरावर. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९२३ मध्ये मांडलं होतं की जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा एका गटात घालतो. चार पानं वाचवायला डीटीपीवाल्यानं दोन ओळींतलं अंतर कमी केलं, की वरच्या ओळीतल्या मंद्र 'नी'खालचं टिंब खालच्या ओळीतल्या 'सा'च्या डोक्यावर जाऊन बसतं. गाण्याची मध्यमा परीक्षा देणारी मुलगी मग मध्य सप्तक सोडून थेट तार षड्ज लावते, आणि गुरुजी तिलाच रागावतात.