दोन्ही खोक्यांवर एफएसएचच लिहिलंय, मग फरक कसला?

आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची) औषधं आमच्याकडून नेणारी जोडपी हा प्रश्न हमखास विचारतात. युनिटही तितकीच, मग स्वस्त पडेल ते द्या ना! प्रश्न रास्त आहे, पण उत्तर जरा लांबतं.

एफएसएच हा बीजकोषातली बीजं वाढवणारा हार्मोन, आणि तो एक प्रथिन. त्याच्यावर चार ठरावीक जागी साखरेच्या रेणूंच्या साखळ्या जोडलेल्या असतात. पण प्रत्येक रेणूवर चारही जागा भरलेल्या असतातच असं नाही. एखादी जागा रिकामी असलेला प्रकार शरीरातही तयार होतो. प्रयोगशाळेत तो रिसेप्टरला (पेशीवरच्या हार्मोनच्या ठरलेल्या जागेला) लवकर चिकटतो आणि जोरकस काम करतो. तरुण वयात त्याचं प्रमाण जास्त असतं, वय वाढतं तसं कमी होत जातं. शिवाय साखळीच्या टोकाला सियालिक आम्ल जितकं जास्त, तितका हार्मोन रक्तात जास्त वेळ टिकतो.

कोणत्या पेशींमध्ये औषध बनवलं त्यावरही या साखळ्या ठरतात. बरीचशी एफएसएच इंजेक्शनं हॅमस्टरच्या पेशींत बनतात, फॉलिट्रोपिन डेल्टा मानवी पेशींत. डेल्टाचा डोस युनिटमध्ये नव्हे, मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो वजन व एएमएच (बीजांचा साठा दाखवणारा रक्तातला हार्मोन) पाहून ठरतो. हा हिशोब घरी मांडू नका. अर्ध्यावर ब्रँड बदलायची वेळ आलीच, तर आधी डॉक्टरांना फोन करा, मग आम्हाला.

महाग ते चांगलं, असं मात्र आम्ही सांगणार नाही. लघवीपासून शुद्ध केलेलं आणि पेशींत बनवलेलं एफएसएच यांच्या मोठ्या तुलनांत, मूल जन्माला येण्याच्या प्रमाणात फारसा फरक दिसलेला नाही.

खरी कसोटी ट्रिगरची, म्हणजे बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची. स्त्रीबीज तुमच्या जन्माच्याही आधीपासून विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यावर थांबलेलं असतं. भोवतालच्या पेशी त्याला थांबण्याचा निरोप सतत देत राहतात. एलएच नावाचं शरीरातलं हार्मोन एकदम वाढलं की तो निरोप बंद पडतो आणि बीज पुढे सरकतं. ट्रिगरमधलं एचसीजी (गरोदरपणात बनणारं हार्मोन) एलएचच्याच रिसेप्टरवर हे काम करतं, फक्त एलएचपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, तासांऐवजी दिवस. म्हणूनच बीजकोष जास्त सुजण्याचा धोका असेल तिथे डॉक्टर कधीकधी दुसरा ट्रिगर निवडतात, ज्यामुळे शरीर स्वतःचं एलएच सोडतं.

ट्रिगरनंतर साधारण 36 तासांच्या आसपास बीजं काढतात. लॅबमध्ये भोवतालच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कडेला एक छोटा गोल दिसतो. त्याला पोलर बॉडी म्हणतात. ती दिसली तर बीज परिपक्व. रात्री साडेदहाचं इंजेक्शन साडेअकराला घेतलं, तर हे गणित चुकतं. वेळ हुकलीच तर लपवू नका, लगेच कळवा. बीज काढण्याची वेळ पुढे सरकवता येते.

पोलर बॉडी दिसली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. गर्भाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या दिवशी, जोमाने कामाला लागतात. तोवर सगळा कारभार बीजाने परिपक्व होताना साठवलेल्या शिदोरीवर चालतो. ती अपुरी असेल तर पहिले दोन दिवस छान दिसणारा गर्भ तिसऱ्या दिवशी अडखळतो. गुणसूत्रांची चूक हेही थांबण्याचं मोठं कारण असतं, वय वाढलं की जास्तच. ती चूक कोणतंही इंजेक्शन दुरुस्त करत नाही, मग विक्रेता काहीही म्हणो.

गर्भ रुजायला लागला की तोच एचसीजी बनवू लागतो. सुरुवातीला ते साखरेच्या मोठ्या साखळ्यांचं असतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात शिरायला मदत करतं. पण घरच्या टेस्टला ट्रिगरमधलं एचसीजी आणि गर्भाचं एचसीजी यांतला फरक कळत नाही. ट्रिगरनंतर 10 ते 14 दिवसांपर्यंत दुसरी रेघ त्या इंजेक्शनमुळेही उमटू शकते. म्हणून बीटा एचसीजीची रक्ततपासणी दिलेल्या तारखेलाच करा, आणि आकडा डॉक्टरांनी वाचेपर्यंत पेढे वाटू नका.