कोकणपट्टीतील ख्रिस्ती मंडळी: वाढ, ओहोटी आणि पुन्हा भरती

नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि वाईजवळची मेणवली येथे टांगलेल्या मोठ्या घंटा वसईच्या स्वारीतून आलेल्या आहेत, असे मानले जाते. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा तिथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. युरोपीय धर्मगुरूही बहुतेक करून तटबंदीबाहेर पडले आणि परत आले नाहीत. मात्र किल्ल्याबाहेरच्या वाड्यांतील शेतकरी, कोळी आणि बागायतदार ख्रिस्ती माणसे होती तिथेच राहिली. ज्या सत्तेच्या आधाराने मंडळी उभी राहिली ती सत्ता एका उन्हाळ्यात नाहीशी झाल्यावर ही माणसे कशी टिकली, हे समजून घेतल्याशिवाय कोकणातील चर्चचा पुढचा इतिहास उलगडत नाही.

आधीची दोनशे वर्षे वाढीची होती, परंतु त्या वाढीचे स्वरूप स्पष्टपणे सांगायला हवे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघांनी वसई, साष्टी (वसईच्या दक्षिणेचा, आज मुंबईच्या उपनगरांचा भाग) आणि चौलच्या परिसरात चर्च, मठ व शाळा उभारल्या. धर्मांतरामागे श्रद्धा होती, गावेच्या गावे आपल्या पुढाऱ्यांमागे गेली हेही खरे. पण देवळे पाडली गेली, सवलतींची आमिषे दाखवली गेली आणि राज्याचे दडपण होते, हेही तितकेच खरे आहे. त्याच काळात, १५५७च्या सुमारास, वसईत जन्मलेला गोन्साळो गार्सिया १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला आणि १८६२ साली संतपदाला पोहोचला. मंडळीची पाळेमुळे स्थानिक माणसांत किती खोल गेली होती, याची ही खूण मानता येईल.

वसई पडल्यावर शरणागतीच्या अटींनुसार मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मुभा मिळाली, पण चर्चचे उत्पन्न, जमिनी आणि राजाश्रय गेला. किल्ल्यातील भव्य चर्च ओस पडली, त्यांची छपरे कोसळली, भिंतींतून वड-पिंपळ उगवले. काही कुटुंबे पुन्हा हिंदू समाजात सामावली. सामवेदी बोली आजही वसईत हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांत बोलली जाते, ती याच विभागणीची आठवण आहे. युरोपीय धर्मगुरूंची जागा एतद्देशीय धर्मगुरूंनी घेतली. ते संख्येने थोडे होते आणि एकेकाला अनेक गावे सांभाळावी लागत. ही ओहोटी खरी होती, ती सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. तरीही मला असे वाटते की कोकणातील मंडळी खऱ्या अर्थाने लोकांची झाली ती याच काळात, कारण धर्मगुरू क्वचितच येणार असेल तर प्रार्थना घराला आणि गल्लीलाच चालवावी लागते.

ही गल्लीतील उपासना अजून पाहायला मिळते. साष्टी आणि वसईच्या जुन्या गावठाणांत वाटेच्या वळणावर दगडी क्रूस उभे आहेत. मुंबई परिसरातील त्यांपैकी अनेक १८९६च्या प्लेगच्या साथीत, माणसे पटापट दगावत असताना, नवसाने उभारले गेले. मे महिन्याच्या संध्याकाळी अशा क्रुसाला झेंडू-अबोलीच्या माळा चढतात, पायथ्याशी मेणबत्त्या लागतात, एखादी म्हातारी लादैन, म्हणजे संतांना आळवणारी प्रार्थनामाला, सुरू करते आणि बाकीचे तिला प्रत्येक ओळीनंतर ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) अशी साथ देतात. तिला लॅटिन कोणी शिकवलेले नसते. आईच्या तोंडून ऐकलेले ती म्हणत असते. शेवटी उकडलेले चणे वाटले जातात आणि मुले ओंजळी पुढे करतात. या उपासनेला धर्मगुरूची वाट पाहावी लागत नाही, म्हणूनच ती पडत्या काळातही खंडली नाही.

एकोणिसाव्या शतकात कॅथलिक मंडळीला दुसऱ्याच गोष्टीने पोखरले. धर्मगुरू नेमण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा, या वादात मुंबई आणि साष्टीतील चर्च दोन गटांत वाटली गेली आणि एकाच गावात दोन अधिकाऱ्यांना मानणारी माणसे राहू लागली. पोर्तुगाल आणि रोम यांच्यातील १८८६च्या करारानंतर वसईचा भाग दमणच्या धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपच्या अधिकारक्षेत्रात, गेला. १९२८ साली त्या धर्मप्रांताचा ब्रिटिश मुलखातील भाग मुंबईत विलीन झाल्यावर दुहेरी कारभार संपत आला.

दक्षिणेकडे प्रोटेस्टंट मंडळीची वाट वेगळी होती. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला उतरले, हर्णे आणि आसपास त्यांनी मराठी शाळा काढल्या, पण काही वर्षांतच मिशनचे लक्ष मुंबई-पुण्याकडे वळले. १८२९ साली आलेले जॉन विल्सन हर्णे परिसरात मराठी शिकले आणि त्यांचे सारे कार्य मात्र मुंबईत झाले. पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रत्नागिरी आणि वेंगुर्ल्यात काम केले; वेंगुर्ल्याचे मिशन हॉस्पिटल साऱ्या पंचक्रोशीला माहीत होते. या मंडळ्या लहानच राहिल्या. शाळा आणि दवाखाना ज्या पैशावर चालत तो परदेशातून येत असे, आणि शिकलेला तरुण कोकणातील इतर तरुणांप्रमाणेच बोटीने मुंबईला जात असे. गावच्या चर्चमध्ये नाताळाला चाकरमानी भरतात आणि एरवीच्या रविवारी पाळकासमोर मोजकीच कुटुंबे बसतात, हे चित्र त्यातूनच आले.

तरी मराठी ख्रिस्ती उपासनेला नवा श्वास मिळाला तो कोकणात जन्मलेल्या माणसाकडून. नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन आणले. पेटी, टाळ आणि तबल्यावर गायली जाणारी त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत, पंथ कोणताही असो, उपासनेत म्हटली जातात. नूतनीकरण हा शब्द मला इथे नेमका वाटतो, कारण श्रद्धा तीच राहिली आणि तिला स्वतःचा गळा सापडला.

कॅथलिक मंडळीत हाच बदल १९६२ ते १९६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आला. मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली आणि वेदीकडे तोंड करून उभा राहणारा धर्मगुरू लोकांकडे वळला. वसईत याला आधीपासून अनुकूल भूमी होती: ‘सुवार्ता’ मासिक होते, वाचणारा-लिहिणारा वर्ग होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादन केले, हरित वसईच्या चळवळीत लोकांना उभे केले, बायबलचे मराठी भाषांतर केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. धर्मग्राम (एका चर्चभोवतीची मंडळी), पाणी, शेती आणि भाषा या गोष्टी त्या पिढीला वेगळ्या वाटत नव्हत्या. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि २००५ साली पुण्यापासून वेगळा होऊन सिंधुदुर्गचा.

आज चिंता वेगळ्या आहेत. केळीच्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरुण कॅनडा, इस्रायल आणि आखातात गेले, तर बाहेरून आलेल्या कोकणीभाषक, मल्याळी आणि तमिळ भाविकांनी बाकडी भरली. केवळ डोकी मोजली तर वाढ दिसते, पण संध्याकाळी क्रुसापुढे लादैन म्हणणारे आवाज कमी होत चालले आहेत.

या संदर्भात अलिबागच्या दक्षिणेकडील कोर्लईकडे पाहावे. १७४० साली पोर्तुगीजांनी चौलचा मुलूख सोडला तेव्हा किल्ल्याच्या डोंगराखाली मागे राहिलेल्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांनी चर्च जपले आणि पोर्तुगीजपासून घडलेली आपली क्रिओल बोलीही जपली. ती सुमारे हजार माणसांची मातृभाषा राहिली आहे. ज्या मराठीने वसईच्या मंडळीला जागवले, तीच मराठी कोर्लईत शाळेबरोबर चर्चमध्येही आली आहे, आणि मिस्सा संपवून बाहेर पडणारी आजी नातवाला आपल्या बोलीत हाक मारते तेव्हा तो पुष्कळदा उत्तर मराठीत देतो.