प्रीएक्लॅम्प्सियाचा आगाऊ अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि जोडीला लघवीतून प्रथिन जाऊ लागते, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू वा प्लेटलेटवर परिणाम दिसतो. या विकाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. कोल्हापूर भागात घरात त्याला ‘बीपी वाढलंय’ किंवा ‘अंगावर सूज आलीय’ एवढेच म्हटले जाते. झटके येऊ लागले की तो एक्लॅम्प्सिया, आणि तेव्हा मात्र सगळ्यांची धावपळ उडते. जुने डॉक्टर या आजाराला टॉक्सेमिया म्हणत, कारण आईच्या रक्तात काही विष उतरते असा समज होता. तसे विष कधी सापडले नाही. पण आईच्या रक्तात काहीतरी फिरत असते हा तर्क अगदीच फसलेला नव्हता, आणि इथे वर्णिलेल्या चाचण्या तेच ‘काहीतरी’ मोजतात.

आजाराचे मूळ वारेत, म्हणजे प्लेसेंटात आहे. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्या रुंद, सैल करतात. म्हणजे पाटाचे तोंड मोठे करून पाणी वळवण्यासारखेच. काही स्त्रियांत हे काम अर्धवट राहते, वाहिन्या चिंचोळ्या राहतात आणि वारेला रक्त अपुरे पडते. अशी वार एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन आईच्या रक्तात जास्त प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणारे प्लेसेंटल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पीएलजीएफ, हे प्रथिन त्याला जाऊन चिकटते आणि निकामी होते. अस्तर बिघडले की रक्तदाब चढतो, मूत्रपिंडाची गाळणी गळू लागते. तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे संशोधक अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गाभण उंदरिणींना एसएफएलटी-१ देऊन हीच लक्षणे निर्माण करून दाखवली. पुढच्याच वर्षी साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसले, की लक्षणे दिसण्याच्या सुमारे ५ आठवडे आधीच हे प्रथिन वाढू लागते. पीएलजीएफ तर त्याहूनही आधी, पहिल्या तिमाहीतच कमी असू शकते.

इथे एक घोळ नेहमी होतो. ‘प्रीएक्लॅम्प्सियाची रक्तचाचणी’ म्हणजे एक चाचणी नव्हे. एक चाचणी तिसऱ्या महिन्यात करायची, पुढे धोका आहे का ते पाहायला. दुसरी विसाव्या आठवड्यानंतर, शंका आल्यावर. पहिलीमुळे औषध सुरू करता येते. दुसरीमुळे कोणाला दवाखान्यात ठेवायचे आणि कोणाला घरी सोडायचे हे ठरवायला मदत होते. एकीचा निकाल दुसरीच्या जागी वाचला तर काहीच अर्थ लागत नाही.

पहिली चाचणी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात होते. एकट्या रक्ताने ती पुरी होत नाही. पीएलजीएफचे प्रमाण, दोन्ही दंडांवर नीट मोजलेला सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी आणि वय, वजन, आधीची बाळंतपणे, मधुमेह, घरातील इतिहास अशी माहिती एकत्र करून संगणक धोक्याचा आकडा काढतो. आंतरराष्ट्रीय प्रसूतितज्ज्ञ संघटना फिगोने २०१९ मध्ये सर्व गरोदर स्त्रियांसाठी अशा तपासणीची शिफारस केली. याच आठवड्यांत डाऊन सिंड्रोमसाठी ‘डबल मार्कर’ काढतात. त्यातले पीएपीपी-ए हे प्रथिन कमी आले तर तेही वारेच्या कमकुवतपणाकडे बोट दाखवते, पण पीएलजीएफइतके नेमके नाही. त्यामुळे डबल मार्कर नॉर्मल आला म्हणजे बीपीची काळजी मिटली, हा समज चुकीचा आहे. दहापैकी एका स्त्रीला धोक्यात धरले तर ३७ आठवड्यांपूर्वी उद्भवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियापैकी सुमारे ७५ टक्के स्त्रिया या एकत्रित तपासणीत आधी ओळखता येतात. पूर्ण दिवसांत होणाऱ्या आजाराला मात्र ती निम्म्याहून कमी वेळा पकडते.

धोका निघाला तर रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, ३६ आठवड्यांपर्यंत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्रे या अभ्यासात धोक्याच्या गटातील स्त्रियांपैकी औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या ४.३ टक्के स्त्रियांना ३७ आठवड्यांपूर्वी प्रीएक्लॅम्प्सिया झाला, तर ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी १.६ टक्के स्त्रियांना. हे आकडे उलट बाजूनेही वाचायला हवेत. ‘हाय रिस्क’ शिक्का बसलेल्या शंभर जणींपैकी औषधाविनाही पंचाण्णवांहून जास्त जणींना हा लवकरचा आजार झाला नाही. रिपोर्टवरचा लाल आकडा पाहून सासरी रडारड होण्याआधी एवढे कोणीतरी सांगायला हवे. हा अभ्यास युरोपातील पाच देश आणि इस्राएल इथल्या रुग्णालयांत झाला, भारतात नाही. गणिताच्या सूत्रात दक्षिण आशियाई वंशासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते ती म्हणूनच महत्त्वाची.

ॲस्पिरिनचा उपयोग १६ आठवड्यांच्या आत सुरू केले तर चांगला होतो. इथे रसायनशास्त्र संपते आणि घरचे कॅलेंडर सुरू होते. तीन महिने भरेपर्यंत ‘गोड बातमी’ बाहेर सांगायची नाही, ही चाल करवीरपासून चंदगडपर्यंत पाळली जाते. नावनोंदणी त्यामुळे लांबते आणि चाचणीची मुदत नेमक्या त्याच दिवसांत निघून जाते. पाळीची तारीख ‘दिवाळीच्या आसपास’ अशी सांगितली तर आठवडे चुकतात आणि आठवड्यांवर बेतलेला निकालही चुकतो; म्हणून तारीख सोनोग्राफीवरून पक्की करतात. पहिले बाळंतपण माहेरी हीदेखील रीतच. डोहाळजेवण उरकून सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि सुरुवातीचे रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. ऊसतोडीसाठी बीडकडून हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात येणाऱ्या बायकांचे तर नोंदीचे गाव एक, कामाचे दुसरे.

दुसरी चाचणी एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांच्या गुणोत्तराची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नॉसिस अभ्यासात शंकास्पद लक्षणे असलेल्या स्त्रियांत हे गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही असे ९९.३ टक्के खात्रीने सांगता आले. ३८ च्या वर गेल्यावर चार आठवड्यांत आजार झालेल्या मात्र ३६.७ टक्केच. म्हणजे ही चाचणी ‘नाही’ ठामपणे म्हणते, ‘होय’ चाचरत. ब्रिटनमधील पॅरट अभ्यासात डॉक्टरांना पीएलजीएफचा निकाल कळवल्यावर निदानाला लागणारा काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मे २०२३ मध्ये अशी चाचणी मंजूर केली, पण २३ ते ३५ आठवड्यांदरम्यान रक्तदाबामुळे रुग्णालयात दाखल असलेल्यांपुरती, आणि तिथे सीमारेषा ४० आहे. यंत्र बदलले की सीमा बदलते. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर, तोही घाटमाथ्याचा पावसाळी रस्ता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील गावे वेढली गेली, महामार्गही बंद पडला. अशा ठिकाणी ‘पुढचा आठवडा सुरक्षित’ या उत्तराचे मोल शहरापेक्षा जास्त. पण ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. अशा खास तपासण्यांचे नमुने संकलन केंद्रांतून मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठवण्याचीच रीत आहे. लक्षणे गंभीर असतील तर रिपोर्टची वाट पाहत बसायचे नसते. सीपीआरकडे, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघायचे; झटके टाळण्यासाठी डॉक्टर मॅग्नेशियम सल्फेट देतात.

रक्तचाचणी हाताशी नसेल तरी अंदाज अगदीच बंद होत नाही. भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या महासंघाने पुरस्कारलेल्या एचडीपी-गेस्टोसिस स्कोअरमध्ये प्रत्येक जोखमीला १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ किंवा जास्त आली तर सावध व्हायचे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते, तिथला बीपीचा पट्टा आणि लघवीची पट्टी यांची जागा पीएलजीएफने घेतलेली नाही. चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे, आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तिथे त्यांचा फायदा सिद्ध झाला आहे. ‘मीठ तोड’ हा घरचा सल्ला मात्र हा आजार टाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही त्यासाठी मीठ कमी करायला सांगत नाही.

वार पडली की आजार ओसरू लागतो, पण लगेच संपत नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा चढू शकतो, क्वचित झटकेही येतात, आणि त्यासाठी गरोदरपणात काढलेल्या गुणोत्तरावर विसंबून राहता येत नाही. बाळंतिणीने डोके फार दुखते म्हटले, की कानाला बांधलेला स्कार्फ आणखी आवळून ‘वारं लागलंय’ म्हणायची पद्धत आहे. त्या वेळी आधी बीपी मोजायचे असते.