आंब्रोळी ते नागपाडा: मुंबईतल्या मिशनरी आणि मुसलमानांच्या दोनशे वर्षांच्या भेटीची पार्श्वभूमी

१८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना पहिला बाप्तिस्मा द्यायला १८१९ साल उजाडलं. सहा वर्षं त्यांनी रस्त्यांवर, बाजारात, देवळांच्या आवारात उभं राहून उपदेश केला होता, मराठी शिकून घेतली होती, शाळा काढल्या होत्या. आणि एवढं झाल्यावर जो पहिला माणूस पुढे आला तो हैदराबादचा मुसलमान होता, कादिर यार खान. पुढे ज्या मिशनच्या नावातच ‘मराठी’ आलं, ज्यांनी १८२६ मध्ये बायबलचा मराठी ‘नवा करार’ छापला आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक चालवलं, त्यांचा मुंबईतला पहिला बाप्तिस्मा हा असा.

आपल्याला हे सहसा ठाऊक नसतं. मिशनरी म्हटलं की मराठी माणसाला पाद्र्यांशी जाहीर वाद घालणारे मोरभट दांडेकर आठवतात, मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्रीला परत हिंदू धर्मात घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर झगडले ते प्रकरण आठवतं, १८५७ मध्ये चौपाटीच्या वाळूत पाद्र्यांना उत्तरं देणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आठवतात. पारशी मुलांच्या १८३९ च्या धर्मांतरावरून झालेला कोर्टातला खटलाही शहराच्या इतिहासात नोंदलेला आहे. मुसलमानांशी झालेला वाद मात्र फारसी, हिंदुस्तानी, गुजराती आणि अरबीत झाला, आणि जे मराठीत झालं नाही ते आपल्या आठवणीतही राहिलं नाही. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे, कारण या शहराच्या शाळा, छापखाने आणि समाजकार्य यांच्यातला एक धागा तिथून येतो.

पोर्तुगीजांचा काळ इथे लवकर ओलांडायला हरकत नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर ही बेटं त्यांना दिली. साष्टीत आणि वसईत कोळी, भंडारी, कुणबी घरांतून धर्मांतरं झाली. मुसलमानांकडे त्यांच्या पाद्र्यांचं खरं लक्ष गेलं ते मुंबईपासून दूर. गोव्याहून निघालेले रुडॉल्फ अक्वाविवा, मोन्सेराट आणि हेन्रिकेश हे जेझुइट १५८० च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. त्यांच्यातले हेन्रिकेश स्वतः जन्माने मुसलमान, होर्मुझचे. अकबराने वाद ऐकले, चित्रं पाहिली, बायबलचा मान राखला, आणि धर्म बदलला नाही.

मुंबईपुरती गोष्ट सुरू होते १८११ मध्ये. त्या फेब्रुवारीत हेन्री मार्टिन नावाचा तिशीचा, क्षयाने पोखरलेला इंग्रज पाद्री कलकत्त्याहून जहाजाने इथे आला. त्याच जहाजावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. मार्टिनने नव्या कराराचा उर्दू तर्जुमा पूर्ण केला होता आणि आता फारसी नीट करायला तो शिराझला निघाला होता. महिनाभर तो इथे थांबला, पारशी पंडित मुल्ला फिरोज यांना भेटला, आणि मार्चअखेर आखाताकडे निघून गेला. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानात तोकात इथे तो वारला. त्याचा उर्दू नवा करार मात्र हिंदुस्तानभर वापरात राहिला.

मार्टिन गेला तेव्हा कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर शिपायांच्या धर्माला हात लागेल या धास्तीने साहेब लोक बिचकलेले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन १८१३ मध्ये इथे आले तेव्हा गव्हर्नर नेपियन यांनी त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला होता. ते कोचीनपर्यंत पळाले, तिथून त्यांना परत आणलं गेलं, आणि अखेरीस राहायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी कंपनीला मिळालेल्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडलं.

खरा वाद रंगला तो जॉन विल्सन आल्यावर. हा स्कॉटिश माणूस १८२९ मध्ये मुंबईत आला आणि १८७५ मध्ये इथेच वारला. गिरगावात आंब्रोळीला त्याने काढलेल्या शाळेतून आजचं विल्सन कॉलेज उभं राहिलं. मराठी, गुजराती, हिंदुस्तानी, फारसी, हिब्रू, अरबी अशा भाषांत त्याचा वावर होता. पंडितांशी त्याचे वाद सुरू असतानाच, १८३० च्या दशकात, हाजी मुहम्मद हाशिम या इस्फहानच्या विद्वानाने त्याच्या आक्षेपांना उत्तर लिहिलं आणि विल्सनने त्यावर प्रत्युत्तर छापलं. इस्फहानचा माणूस मुंबईत येऊन स्कॉटलंडच्या माणसाशी वाद घालतो, हे तेव्हाच्या बंदरात नवलाचं नव्हतं. इराणी व्यापारी, अरब घोडेवाले, बोहरा, खोजा, मेमन, कोकणी नाखुदा आणि हजला निघालेले यात्रेकरू, सगळ्यांची ये-जा इथूनच होती.

त्या वादाला मुनाझरा म्हणतात, आणि त्याचे मुद्दे बहुतेक ठरलेले असत. मौलवी विचारत: देव एक असेल तर तीन कसे? ईसा हा पैगंबर, तो देवाचा पुत्र कसा? आणि तुमच्या हातात आहे ती इंजील, म्हणजे ईसाचं शुभवर्तमान, मूळची आहे की बदललेली? या शेवटच्या आरोपाला तहरीफ म्हणतात, आणि सगळा वाद फिरून फिरून तिथेच येई. पाद्री उलट विचारत: कुराणच जर तौरात (मोशेचा ग्रंथ) आणि इंजीलला देवाची किताब म्हणतं, तर मग ती बदलली कधी आणि कुणी?

इथे शब्दांचा घोळही होता. मराठी बायबलात देव, येशू, शुभवर्तमान, बाप्तिस्मा. उर्दूत खुदा, ईसा किंवा यसू, इंजील. रत्नागिरी-रायगडकडचा कोकणी मुसलमान घरात मराठीच्या जवळची बोली बोलतो आणि धर्माची भाषा म्हणून उर्दू-अरबी वाचतो. त्याच्यासाठी यातलं कुठलंच पुस्तक धड नव्हतं. मिशनच्या मराठी शाळेत त्याची मुलं शिकली असतील, पण ‘देव’ या शब्दाने त्याला मंदिरच आठवणार.

छपाईनेही बाजू बदलल्या. मिशनऱ्यांनी खिळ्यांचा छापखाना आणला, मराठी टाइप पाडले. गणपत कृष्णाजींसारखे आपले मुद्रक तिथलंच काम बघून पुढे गेले. पण उर्दू-फारसीची नस्तालीक लिपी खिळ्यांत बसत नाही, अक्षरं एकमेकांवर तिरकी उतरतात. शिळाछाप आली तेव्हा ही अडचण गेली. कातिबाने, म्हणजे सुलेखकाने, कागदावर तेलकट शाईने लिहायचं, ते दगडावर उतरवायचं, आणि त्यावरून प्रती काढायच्या. पान हाताने लिहिलेल्या पोथीसारखंच दिसे. मुंबईतल्या मुसलमानी छापखान्यांनी हे तंत्र उचललं, आणि मिशनऱ्यांच्या पत्रिकांची उत्तरं त्याच बाजारात विकली जाऊ लागली.

पैगंबरांविषयीच्या छापील मजकुरावरून या शहरात एकोणिसाव्या शतकात दोन मोठे दंगे झाले, १८५१ मध्ये आणि १८७४ मध्ये. दोन्ही पारशी-मुसलमान. पहिल्याचं कारण एका गुजराती नियतकालिकातलं चित्र, दुसऱ्याचं अमेरिकन लेखकाच्या पैगंबर-चरित्राच्या आधाराने एका पारशाने लिहिलेलं पुस्तक. मिशनऱ्यांचा मजकूर त्याहून कडक असे, तरी ठिणगी तिथून पडली नाही. माझा अंदाज असा की समोरासमोर उत्तर द्यायची सोय होती, म्हणून तो राग वादात जिरत गेला. त्याच १८७४ मध्ये बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे भाऊ कमरुद्दीन आणि मुहम्मद अली रोगे यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. मुसलमान मुलांना इंग्रजी शिक्षण हवं, पण त्यासाठी मिशनच्या शाळेत बायबलचा तास करावा लागू नये, ही पालकांची अडचण अंजुमनच्या शाळेने सोडवली. व्हीटी स्टेशनसमोरची तिची इमारत रोज लाखो माणसं बघतात.

मुंबई ही अरबस्तानाकडे जाणाऱ्या मिशनचंही बंदर होती. एडन १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षं मुंबईच्या अमलाखाली होतं. केंब्रिजचा अरबीचा प्राध्यापक आयन कीथ-फाल्कनर तिथे दवाखाना काढायला गेला आणि १८८७ मध्ये तापाने वारला. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेत अरेबियन मिशन निघालं. त्याचे सॅम्युअल झ्वेमर आणि जेम्स कँटिन बसरा, बहारीन, मस्कतला गेले. मोत्यांच्या व्यापाराने मुंबईला बांधलेली ही सगळी बंदरं. झ्वेमरने आयुष्यभर खपून काढलेल्या पुस्तकांच्या मानाने बाप्तिस्मे फारच थोडे. हीच गोष्ट मुंबईचीही. घरोघर जाऊन पडद्यातल्या बायकांना वाचायला आणि शिवायला शिकवणाऱ्या मिशनरी स्त्रियांना मोहल्ल्यात प्रवेश मिळाला, बाप्तिस्मे क्वचितच.

वादाची सगळ्यात लांब गेलेली रेघ आग्र्यात सुरू झाली. १८५४ च्या एप्रिलमध्ये जर्मन मिशनरी कार्ल फँडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा तिथे दोन दिवस जाहीर मुनाझरा झाला. मौलानांच्या बाजूला डॉक्टर वझीर खान होते. त्यांनी विलायतेतून बायबलवरची टीकात्मक पुस्तकं आणली होती, आणि युरोपच्याच पंडितांचे दाखले फँडरपुढे ठेवले. फँडरला त्याची तयारी नव्हती. १८५७ नंतर मौलाना मक्केला गेले आणि ‘इझहारुल हक’ हा अरबी ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत, एका मिशनजवळच्या दुकानात काम करणाऱ्या अहमद दीदात या सुरतकडच्या तरुणाला मिशनचे विद्यार्थी येता-जाता डिवचत. त्याच्या हाती हा ग्रंथ लागला आणि तो वादपटू झाला. १९८७ मध्ये दीदात मुंबईत आले. वैद्यकीचा एक विद्यार्थी त्यांच्या प्रभावाखाली आला, त्याचं नाव झाकीर नाईक. १९९१ मध्ये नाईकांनी डोंगरीत संस्था काढली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली. फँडरच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अशी जवळजवळ दीडशे वर्षांनी मुंबईत टीव्हीच्या पडद्यावर आली.

डोंगरीपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर नागपाडा आहे, आणि तिथे त्याच मिशनने वेगळी वाट धरली. कादिर यार खानला बाप्तिस्मा देणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस उघडलं. चालवणारे क्लिफर्ड मॅन्शर्ट. आजूबाजूला मुसलमान, बगदादी ज्यू, ख्रिस्ती, हिंदू, गिरणी आणि गोदीचे कामगार. मॅन्शर्ट यांनी ठरवलं की इथे कुणाला ख्रिस्ती करायचं नाही. दवाखाना, वाचनालय, व्याख्यानं, खेळ. येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही. मिशनच्या पैशाने असं काम करणं त्या काळी सोपं नव्हतं, आणि मला या सगळ्या इतिहासात त्या निर्णयाएवढा धाडसी निर्णय दुसरा दिसत नाही. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं ते याच जागेत, मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक. आज त्याला आपण टिस म्हणतो, देवनारची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस.

मिशनांचा विचारही पुढे या दिशेने सरकला. १९३० मध्ये लाहोरला मुसलमानांत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी काढलेली, हेन्री मार्टिनच्या नावाची संस्था आता हैदराबादेत आहे आणि धर्मांमधल्या संवादाचं, समेटाचं काम करते. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत आले तेव्हा त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनने मुसलमानांविषयी आदराने बोलणारं अधिकृत पत्रक काढलं.

नागपाड्यात संध्याकाळी असरची नमाज झाली की बास्केटबॉलच्या कोर्टावर पोरं जमतात. हा खेळ आपल्या शहरात वायएमसीए आणि मिशनच्या माणसांनी आणला, आणि नागपाड्याने तो इतका आपला केला की इथल्या गल्ल्यांतून देशासाठी खेळणारे खेळाडू निघाले. परवा मी कठड्याला टेकून बघत होतो. आठ-नऊ वर्षांचा, डोक्यावर टोपी असलेला एक मुलगा बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरून रिंगकडे बघत उभा होता. एका मोठ्या मुलाने ओरडून सांगितलं, “अरे, कोपर अंदर ले!” त्याने कोपर आत घेतलं, टोपी काढून खिशात कोंबली आणि पुन्हा बॉल उचलला.