‘पिक अप’चे अर्थ : मोहफुलापासून मोटरच्या स्टार्टरपर्यंत

बाजारात माल नेणारी छोटी गाडी म्हणजे पिकअप. मोटरसायकल चढावर ढेपाळली की तिचा पिकअप गेला. विहिरीवरच्या मोटरचं बटण दाबलं आणि नुसतीच घरघर झाली, की वायरमन सांगतो, ‘स्टार्टर पिकअप घेत नाई.’ विदर्भातल्या खेड्यात हा इंग्रजी शब्द या तिन्ही अर्थांनी बोलला जातो आणि तो समजायला कुणाला शब्दकोश लागत नाही. अडचण सुरू होते ती इंग्रजीच्या तासाला. तिथे ‘पिक अप’ म्हणजे मूल कडेवर घेणं, फोन घेणं, कुणाला स्टँडवरून गाडीत बसवून आणणं, ऐकून ऐकून भाषा शिकणं, रेडिओनं स्टेशन पकडणं, बाजारात तेजी येणं, खोकल्याची लागण होणं, अर्धवट राहिलेलं काम पुढे नेणं, अशी लांबलचक यादी समोर येते. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. यात मुलांचा दोष नाही. यादीत अर्थांचं आपसातलं नातं दिसत नाही आणि नात्याशिवाय अर्थ डोक्यात टिकत नाही.

एका शब्दाला एकमेकांशी नातं असलेले अनेक अर्थ असणं, याला भाषाविज्ञानात अनेकार्थता म्हणतात. मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकानं १८९७ साली त्यासाठी स्वतंत्र संज्ञा वापरली. पऱ्हाटीला खोड एक आणि फांद्या अनेक, तशी ही रचना असते. ‘पिक अप’चं खोड अगदी साधं आहे: खाली असलेली वस्तू हातानं धरून वर घेणं. वस्तू वर आली की ती आपल्या ताब्यात येते, आणि इथून पहिली मोठी फांदी फुटते. माणूस गाडीत घेणं, दुकानातून सामान घेणं, पोलिसांनी संशयिताला नेणं, हे सगळं ताब्यात घेणंच आहे. त्यापुढे हात नसला तरी चालतो. कान शब्द घेतो, अँटेना लहरी घेते, शरीर जंतू घेतं.

दुसरी फांदी ‘अप’मधून फुटते. पोत्यात धान्य ओतलं की ढीग वर जातो, पाऊस झाला की विहिरीचं पाणी वर येतं. जास्त म्हणजे वर, हा अनुभव माणसाला लहानपणापासून मिळतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की अशा शारीरिक अनुभवांवर भाषेतली कितीतरी रूपकं उभी असतात. मराठीतही कापसाचा भाव चढतो, ताप उतरतो, आवाज चढतो. म्हणून वारा ‘पिक अप’ करतो तेव्हा तो काही उचलत नसतो, त्याचा जोर वाढत असतो. गाडीचा पिकअप याच फांदीवरचा: ‘पिक अप स्पीड’, म्हणजे वेग धरणं. ‘अप’ला तिसरंही एक काम असतं, ते क्रिया पुरी झाल्याचं सांगण्याचं. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं. मराठीत हे काम ‘टाकणं’ करतं, इंग्रजीत ‘अप’. या एका ‘अप’चे आणि ‘आऊट’चे अर्थ कसे जोडलेले आहेत, एवढ्यावरच सुसान लिंडनर यांनी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात पीएचडीचा प्रबंध लिहिला.

आता आपलं ‘उचलणं’ शेजारी ठेवून पाहू. फोन उचलतात. पोलीस उचलून नेतात. लग्नाचा खर्च मामा उचलतो. इंग्रजीत बिल ‘पिक अप’ करतात. लहान मूल मोठ्यांचे शब्द उचलतं. ताण पडलेल्या सोयाबीनवर पाऊस झाला की ‘पिकानं उचल घेतली’ म्हणतात, आणि इंग्रजीत अशाच सुधारणेला ‘पिक अप’ म्हणतात. दोन्ही भाषांनी हे अर्थ एकमेकींकडून घेतले असतील असं मानायची गरज नाही. उचलण्याचा अनुभव सारखा, म्हणून त्यातून निघालेल्या वाटाही बऱ्याच सारख्या. हे अर्थ मराठी विद्यार्थ्याला जवळजवळ फुकट मिळतात आणि शिक्षकांनी सुरुवात इथूनच करावी.

फसगत होते ती ‘वेचणं’ या शब्दापाशी. यवतमाळ-अकोल्याकडे कापूस वेचतात, गडचिरोली-गोंदियाकडे मोहफूल वेचतात. मराठीत क्रियापद एकच, पण इंग्रजीत दोन वेगळी. कापूस झाडावरच्या बोंडातून काढायचा असतो, म्हणून तिथे नुसतं ‘पिक’, ‘अप’ नाही. मोहाची फुलं पहाटे गळून जमिनीवर पडतात आणि खालून उचलावी लागतात, म्हणून तिथे ‘पिक अप’. ‘वी पिक्ड अप कॉटन’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की खाली पडलेला कापूस गोळा केला, किंवा कुठूनतरी गाडीत भरून आणला. हा फरक किरकोळ नाही. खाली पडलेल्या कापसात पालापाचोळा आणि माती असते, तो चांगल्या कापसापासून वेगळा ठेवायचा असतो. संत्र्याचंही तसंच. ‘पिक द फ्रूट्स’ म्हणजे झाडावरची फळं तोडा. ‘पिक अप द फॉलन फ्रूट्स’ म्हणजे गळलेली फळं उचला, जी बागेबाहेर नेऊन पुरायची असतात. सल्लापत्रिकेचं भाषांतर करणाऱ्यानं ‘अप’ गाळला तर अर्थ झाडावर चढतो.

दुसरी फसगत आजाराची. ‘पिक अप’ बाहेरून नकळत लागलेल्या संसर्गासाठी वापरतात: बाजारात खोकला लागला, दूषित पाण्यानं पोट बिघडलं. विदर्भात बऱ्याच कुटुंबांत असलेला सिकलसेल हा आईवडिलांकडून जनुकांतून येणारा आजार आहे. त्याला ‘पिक्ड अप’ म्हटलं तर तो संसर्गजन्य आहे असा अर्थ निघतो, जो चुकीचा आहे आणि रुग्णाला त्रासदायकही. आरोग्याचा अहवाल इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हे जरूर सांभाळावं. शिकण्याच्या अर्थातही अशीच एक अट आहे. धारणीच्या आठवडी बाजारात बसून बसून व्यापारी कोरकू बोलायला लागतो, ते ‘पिक अप’. बी.एड. कुणी ‘पिक अप’ करत नाही, कारण तिथे रीतसर अभ्यास असतो. आणि अनोळखी व्यक्तीशी लगट करून तिला सोबत नेणं असाही एक अर्थ आहे, म्हणून ‘आय पिक्ड हर अप’ एवढंच लिहून थांबू नये. पुढे ‘फ्रॉम द बस स्टँड’ जोडावं, म्हणजे गैरसमज होत नाही.

सगळ्यात रंजक फांदी मात्र विजेची आहे. स्टार्टरमध्ये तारेची एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की तिच्यातून वीज जाते, तिचं चुंबक बनतं आणि समोरचा लोखंडी तुकडा ओढला जातो. त्याच्यासोबत संपर्कपट्ट्या जुळतात आणि मोटर फिरू लागते. हे ओढून घेणं म्हणजे ‘पिक अप’. सुटून मागे जाणं म्हणजे ‘ड्रॉप आऊट’. रेल्वे सिग्नलच्या काही रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकी स्विचमध्ये, तर लोखंडी पट्टी खरोखरच वर उचलली जाते आणि वीज गेली की स्वतःच्या वजनानं खाली पडते. शब्दाचा मूळ अर्थ तिथे डोळ्यांना दिसतो.

या दोन क्रियांना लागणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखा नसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार कॉन्टॅक्टरनं, म्हणजे स्टार्टरमधल्या या चुंबकी स्विचनं, ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर ‘पिक अप’ घ्यायला हवा, तर तो सुटण्याची हद्द ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते. ४१५ व्होल्टची कॉइल असेल तर घेण्यासाठी सुमारे ३५३ व्होल्ट हवेत, सुटेल मात्र ३११ च्या खाली कुठेतरी. कारण असं: तुकडा दूर असताना मध्ये हवेची फट असते, आणि हवेतून चुंबकीय क्षेत्र दुबळं पडतं. एकदा तो चिकटला की फट मिटते आणि थोड्या ओढीतही तो धरून राहतो. म्हणूनच लाईन कमी दाबाची असताना शेजारच्या शेतातली आधीपासून चालू मोटर चालत राहते आणि आपली सुरू होत नाही. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. फट उघडी असताना एसी कॉइल कितीतरी जास्त करंट खेचते, तापते आणि जळते. संपर्कपट्ट्या थरथरून ठिणग्यांनी करपतात, ते वेगळंच. व्होल्टेज पुरेसं असूनही घरघर होत असेल तर चुंबकाच्या तोंडावर धूळ किंवा गंज बसला आहे का, हे पुरवठा पूर्ण बंद करून वायरमनकडून तपासून घ्यावं.

आता वाक्यात हे दोन शब्द कुठे बसतात ते पाहू. ‘पिक अप द बॅग’ चालतं, ‘पिक द बॅग अप’ही चालतं. पण बॅगऐवजी सर्वनाम आलं की ते मधेच बसायला हवं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक. इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची माहिती शेवटाकडे जाते आणि तिथे जोर येतो. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू, ती जोराच्या जागी शोभत नाही. उलट कर्म लांबलचक असेल तर मधे कोंबू नये: ‘पिक अप द बॅग दॅट इज लाइंग निअर द वेल’. तेजीच्या अर्थात बहुधा कर्मच नसतं. ‘बिझनेस पिक्ड अप’, संपलं. उच्चारातही फरक आहे. क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर, नाम असेल तर ‘पिक’वर, आणि नाम लिहिताना दोन्ही शब्द जोडून.

परभाषकांना अशी ‘क्रियापद अधिक अप-आऊट’ जोडीची क्रियापदं जड जातात हे इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. १९८५ मध्ये डागुट आणि लाउफर यांनी हिब्रू भाषक विद्यार्थ्यांना तपासलं, तर ते अशी क्रियापदं टाळून एकशब्दी पर्याय निवडत होते. १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्चेना यांना डच विद्यार्थ्यांत वेगळं काही दिसलं. डचमध्ये अशी क्रियापदं मुबलक आहेत, तरीही रूपकात्मक अर्थाची क्रियापदं ते विद्यार्थी टाळत होते. स्वतःच्या भाषेत सोय असणं पुरेसं नाही, आपल्या ‘उचलणं’नंही सगळं भागणार नाही.

किती शिकायचं, याचा अंदाज मात्र आता आहे. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह तपासला. अशा सर्वाधिक वापरातल्या १०० जोड्यांना सरासरी ५.६ अर्थ निघाले. पण एकूण वापरापैकी निम्म्याहून थोडा जास्त वाटा फक्त २० क्रियापदं आणि ‘अप’, ‘आऊट’सारखे ८ छोटे शब्द यांच्या जोड्यांचा होता. २०१५ मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी १५० जोड्यांचे नेहमीचे अर्थ निवडले, ते भरले २८८, म्हणजे जोडीमागे साधारण दोन. ‘पिक अप’ला शिकवायच्या जोड्यांच्या यादीत मानाचं स्थान द्यावं, पण वर्गात आधी दोनच अर्थ घट्ट करावेत: उचलून किंवा जाऊन आणणं, आणि वाढणं-सुधारणं. बाकीचे वाचनात भेटतील तेव्हा विद्यार्थ्यानं दोन प्रश्न विचारावेत. कर्म आहे का? असेल तर ते हातात येणारं आहे, की कानात, अँटेनात, शरीरात येणारं? कर्म नसेल तर बहुतेक वेळा काहीतरी वाढतं आहे.

मागे आणखी एखादा शब्द लागला की अर्थ पुन्हा वळतो. ‘पिक अप ऑन’ म्हणजे बारीक गोष्ट हेरणं, जसं मास्तरांचा पडलेला चेहरा मुलांनी ओळखणं. ‘पिक अप आफ्टर’ म्हणजे दुसऱ्यानं केलेला पसारा आवरणं. असे तीन-तीन शब्दांचे गट शब्दकोशात ‘पिक’च्या नोंदीखाली शेवटी दिलेले असतात, ते सुटे सुटे न शोधता गट म्हणूनच शोधावेत.