सशाच्या तळव्याला गादी नसते

आमची सशीण भुरी तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी नखं कापायला तिला मांडीवर घेतलं, आणि मागच्या डाव्या पायाच्या टाचेपाशी चार आण्याच्या नाण्याएवढी जागा उघडी दिसली. केस गेलेले, कातडी लाल, मधोमध खपली. ती लंगडत नव्हती, खातपीतही होती. फक्त काही दिवस सोफ्यावर उडी मारायची सोडून सोफ्याखालीच बसून राहायची. इंदूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर. उन्हानं मरगळली असेल असं आम्ही धरून चाललो.

ससा दुखलं म्हणून सहसा ओरडत नाही. ज्याच्या मागावर सतत कोणी ना कोणी असतं, त्याला दुखणं दाखवणं परवडत नाही. उड्या कमी होणं, बसल्या बसल्या भार या पायावरून त्या पायावर टाकणं, दात करकर वाजवणं, एवढ्यावरूनच ओळखावं लागतं.

कुत्र्याचा किंवा मांजराचा पंजा उलटा करून पाहा, खाली जाड रबरासारख्या गाद्या असतात. सशाला त्या नसतातच. दाट केसांचा थर, त्याखाली पातळ कातडी, आणि लगेच हाड. आपण घरात पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं खणून राहणारा. आपल्या शिवारात दिसणारा ससा निराळ्या जातीचा. मातीत आणि गवतात नखं रुततात, त्यामुळे भार बोटांवर राहतो. फरशीवर नखांना रुतायला जागाच मिळत नाही. मग बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार मागे, टाचेकडे सरकतो. नखं वाढलेली असली तर आणखीच. म्हणून नखं वेळेवर कापणं हा सुद्धा पायाचाच इलाज आहे.

पुढे जे होतं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर होतं तसंच. हाड आणि फरशी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या दबतात, तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरू लागते. आधी केस झडतात, मग लाली, मग घट्टा, मग जखम. जखमेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जंतू आत शिरले की पू धरतो. सशाचा पू माणसासारखा पातळ नसतो. श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. दुखणं हाडापर्यंत पोचलं की बरं करणं फार अवघड. डॉक्टर याला पोडोडर्माटायटिस म्हणतात, पाळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘सोअर हॉक्स’. टाचेवर छोटासा कोरडा घट्टा पुष्कळ सशांना असतो, त्यानं घाबरू नये. लाली, सूज, ओल किंवा खपली दिसली तर मात्र थांबू नये.

आमचा दोष जमिनीत होता. पिंजरा आणला तेव्हा त्याला तळाशी तारेची जाळी होती. लेंड्या खाली पडतात, स्वच्छता राहते, असं दुकानदारानं सांगितलं आणि आम्हाला पटलं. पण जाळीवर सगळं वजन दोन-चार तारांवर येतं. ती काढून टाकली, तर भुरी दिवसभर कोटा फरशीवर पसरायला लागली. तिचंही चुकत नव्हतं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि तिशीच्या वरचा पारा त्याला बाधू शकतो. गार जमीन हवी आणि मऊही हवी, हा पेच आपल्याकडच्या उन्हाळ्यात खरा आहे. आम्ही शेवटी तिच्या कोपऱ्यात जुनी सतरंजी, वर धुवट गोधडी आणि त्यावर वाळलेलं गवत घातलं. गारव्यासाठी बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. तीन-चार दिवस ती फरशीकडेच पळायची. मग बाटलीला पाठ लावून गोधडीवर झोपायला लागली.

पावसाळ्यात दुसरंच संकट. गोणपाट वाळत नाही, मूत मुरतं, आणि ओली कातडी चटकन सोलवटते. अंथरूण रोज हातानं चाचपून पाहावं. दमट लागलं की बदलावं. पोछा मारल्यावर फरशी पूर्ण कोरडी होईपर्यंत सशाला सोडू नये. वजनही महत्त्वाचं. पोळीचे तुकडे, बिस्किटं, रोज गाजर यांनी ससा लठ्ठ होतो आणि तो सगळा भार त्या दोन टाचांवर येतो. मुख्य खाणं गवतच हवं. मोठ्या जातीचे ससे आणि मखमली केसांचे रेक्स यांच्याकडे जास्तच लक्ष द्यावं. रेक्सच्या तळव्यावरचे केस मुळातच तोकडे असतात.

जखम असेल तर घरगुती मलम लावू नका. आपल्या कपाटात असतात त्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, ससा ते चाटतो, आणि स्टेरॉइड सशाला फार बाधतं. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक औषधं देणं. कुत्र्याला चालणारी ही औषधं सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. पट्टीही स्वतः बांधू नये. घट्ट झाली तर रक्त अडतं, मुतानं भिजली तर जखम चिघळते. फोन करून आधी विचारा, ‘तुम्ही ससे पाहता का?’ आमच्या डॉक्टरांनी जखम सलाइननं धुऊन दाखवली, वेदनेवर मेलॉक्सिकॅम वजनाप्रमाणे मोजून दिलं आणि सर्वांत आधी अंथरूण कसं आहे ते विचारलं. सशानं बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर पाय राहू द्या, आधी पोटासाठी दवाखाना गाठा.

तळवे पाहताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली धरून सशाची पाठ आपल्या पोटाशी टेकवावी. लोंबता धरला आणि त्यानं जोरात लाथ मारली, तर त्याचाच कणा मोडू शकतो. दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर फोटो काढावा. मागच्या आठवड्याच्या फोटोशी ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो. भुरीची खपली दोन महिन्यांनी गेली. त्या जागी केस काही नीट आले नाहीत, हरभऱ्याएवढा कोरडा घट्टा राहिला आहे. पण सोफ्यावर ती पुन्हा चढते.